चिनी रीतीने चहा देणे आणि त्यातून मुलांना शिष्टाचार शिकवणे

चिनी घरात पाहुण्यापुढे काठोकाठ भरलेला चहाचा पेला ठेवला, तर त्यात पाहुण्याचा उपमर्द झाला असे मानतात. 'कप नीट भरून दे' हे ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला ही गोष्ट पहिल्यांदा चमत्कारिक वाटते. मद्याचा पेला भरून द्यावा, चहाचा मात्र दहापैकी सात भागच भरावा आणि उरलेल्या तीन भागांत यजमानाचा जिव्हाळा असतो, अशा अर्थाच्या म्हणी तिथे प्रचलित आहेत. रीतीमागचे कारण अगदी व्यवहारी आहे. दक्षिण चीनमधला चहाचा पेला जेमतेम दोन-तीन घोटांचा आणि बिनकानाचा असतो. तो काठापर्यंत भरला की उचलताना बोटे पोळतात, चहा कपड्यांवर सांडतो आणि चारचौघांत पाहुण्याची पंचाईत होते.

मुलांना शिष्टाचार शिकवायला हा चहा मला सोयीचा वाटतो तो याचसाठी. त्यातल्या बहुतेक नियमांच्या मुळाशी समोरच्या माणसाची सोय आहे आणि ती मुलाला स्वतःच्या हातांनी पडताळून पाहता येते. 'मोठ्यांसमोर नीट वाग' या सूचनेचा सात वर्षांच्या मुलाला फारसा बोध होत नाही. 'पेला इतकाच भर, नाहीतर आजींचा हात पोळेल' हे त्याला लगेच कळते. पुढे दिलेली पद्धत सिंगापूर, हाँगकाँग, शांघाय अशा ठिकाणी चिनी शेजाऱ्यांमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना प्रत्यक्ष उपयोगी पडेल, आणि ज्यांना आपल्याच घरी मुलांबरोबर सुट्टीची एखादी दुपार यात घालवायची आहे त्यांनाही ती करून पाहता येईल.

कोणती पद्धत निवडावी

चीनभर चहाची एकच रीत आहे असे समजू नये. बीजिंगकडे मोगऱ्याच्या फुलांनी सुगंधित केलेला चहा झाकणाच्या पेल्यात घेतात. हांगझोऊला लोंगजिंगची हिरवी पाने सरळ काचेच्या उंच पेल्यात टाकून वर गरम पाणी ओततात आणि पेला अर्ध्याखाली गेला की पुन्हा पाणी घालतात. ग्वांगझोऊ आणि हाँगकाँगमध्ये सुट्टीच्या सकाळी अख्खे कुटुंब उपाहारगृहात 'याम चा'साठी जमते. तिथे चहा मोठ्या चहादाणीतून येतो आणि त्याच्या जोडीला वाफवलेले लहान लहान पदार्थ असतात.

मुलांना शिकवायला मात्र ग्वांगदोंग प्रांताच्या पूर्वेकडील चाओझोऊ आणि शांतोऊ या भागातली 'गोंगफू चा' ही पद्धत निवडावी. तिच्यात पेले लहान असतात, चहाच्या फेऱ्या पुष्कळ होतात आणि त्यामुळे एकाच बैठकीत मुलाला तीच कृती पुन्हा पुन्हा करायला मिळते. युनेस्कोने नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनमधील पारंपरिक चहानिर्मितीची कौशल्ये आणि त्यांच्याशी निगडित सामाजिक प्रथा यांची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली, तेव्हा त्यातल्या ४४ घटकांमध्ये चाओझोऊच्या या पद्धतीचाही समावेश होता. तिकडे ती दुकानाच्या गल्ल्यावर, कारखान्याच्या कचेरीत, घराच्या ओसरीवर, कुठेही आणि दिवसातून कितीही वेळा चालते. तिच्यासाठी रेशमी पोशाख घालून बसावे लागत नाही.

साहित्य आणि भाजण्याचा धोका

मुख्य भांडे म्हणजे 'गायवान', म्हणजे बशी, वाटी आणि झाकण असा तीन भागांचा चिनीमातीचा संच. त्यात साधारण शंभर ते सव्वाशे मिलिलिटर पाणी मावते. दुसरे भांडे 'गोंगदाओ बेइ'. हा चोच असलेला लहान जग असतो. गायवानमधून थेट पेल्यांत ओतले, तर पहिल्या पेल्यात फिका आणि शेवटच्या पेल्यात कडक चहा येतो. आधी सगळा चहा या जगात काढून मग वाटला, तर सर्वांना सारख्याच चवीचा मिळतो. तीन-चार लहान पेले, सांडलेले पाणी खाली जाईल असा जाळीचा ट्रे आणि एक स्वच्छ फडके इतके पुरे. गायवान मिळाले नाही तर छोटी चहादाणी घ्यावी, आणि जगाऐवजी स्वयंपाकघरातले चोचीचे काचेचे मापपात्रही चालते. हौस म्हणून महागड्या वस्तू घेऊ नयेत. पेला फुटेल या भीतीने आई-वडील सारखे ओरडू लागले, की शिकवण्याचा हेतूच बाजूला पडतो.

पाने ऊलोंग प्रकारची, म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधली, घ्यावीत. फूजियानमधल्या आन्शीचा तिएग्वानयिन किंवा चाओझोऊजवळच्या फंगह्वांग डोंगरावरचा दानचोंग हे दोन्ही सरस. शंभर मिलिलिटर पाण्याला पाच ते सात ग्रॅम पाने, पाणी जवळजवळ उकळते, आणि सुरुवातीच्या फेऱ्यांत पाने पाण्यात दहा ते वीस सेकंदच ठेवायची. पुढे प्रत्येक फेरीत ही वेळ थोडी वाढवायची. त्याच पानांतून सहा-सात फेऱ्या सहज निघतात. दूध आणि साखर यांचा या चहात प्रश्नच नाही, आणि चिनी यजमानाकडे त्यांची मागणीही करू नये.

मूल चहा देणार म्हणजे त्याने तो प्यायलाच हवा असे नाही. ऊलोंगमध्ये कॅफीन असते, म्हणून लहान मुलांसाठी वाळवलेल्या शेवंतीच्या फुलांचा चहा करावा. तो चीनमध्ये घरोघरी पितात आणि त्यात कॅफीन नसते. चहातले टॅनिन अन्नातले लोह शरीरात शोषले जाण्यात अडथळा आणते, त्यामुळे खरा चहा मोठ्या मुलांनाही जेवणाबरोबर देऊ नये. हे आपल्या दुधाच्या चहालाही लागू आहे, पण मुलांच्या चहा-बिस्किटांच्या सवयीपुढे आपल्याकडे हा विषय कोणी काढत नाही.

पाणी ही इथली खरी जोखीम आहे. उकळत्या पाण्याची किटली दहा-अकरा वर्षांखालच्या मुलाच्या हातात देऊ नये आणि गायवानही देऊ नये, कारण त्याच्या काठावर वाफ येते आणि तो धरण्याचे तंत्र मोठ्यांनाही सवयीनेच जमते. चार-पाच वर्षांच्या मुलाने रिकामे पेले मांडावेत, बशी द्यावी, फडक्याने ट्रे पुसावा. सहा-सात वर्षांपासून जगातून पेल्यांत ओतण्याचे काम त्याच्याकडे द्यावे; जगातला चहा तोवर थोडा निवू द्यावा. शेवंतीचा चहा कोमट केला, तर ही सगळी भीती जवळजवळ संपते, आणि शिष्टाचार तर तेच राहतात.

आधी थंड पाण्याने सराव

पहिल्या दिवशी चहा करूच नये. जगात साधे पाणी घ्यावे, तीन पेले मांडावेत आणि मुलाला ओतू द्यावे. प्रथम पेला काठोकाठ भरायला सांगावे आणि तो दोन हातांनी उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला नेऊन द्यायला सांगावे. पाणी सांडेल, हात ओले होतील, घेणाऱ्याचाही हात ओला होईल. मग तोच पेला सात भाग भरून न्यायला सांगावे. सात भाग म्हणजे नेमके किती, हा प्रश्न मूल विचारतेच. पेल्याच्या वरच्या कडेखाली मुलाच्या करंगळीची जाडी मोकळी राहिली की झाले, असे त्याला दाखवावे. आता हे पाणी कढत आहे असे समज, एवढेच म्हणावे आणि थांबावे. या दोन खेपांनंतर 'पेला का भरू नये' यावर व्याख्यान देण्याची गरज उरत नाही.

चहाचा क्रम

पाहुणे बसल्यावर गायवान, जग आणि पेले गरम पाण्याने त्यांच्यासमोरच विसळावेत. भांडी तापतात आणि ती स्वच्छ आहेत हे पाहुण्याला न सांगता दिसते. पाने हाताने न उचलता लाकडी चमच्याने घालावीत. पहिले पाणी ओतून लगेच टाकून द्यावे. पहिल्या पाण्याला पायांचा वास आणि दुसऱ्याला चहाचा, अशा अर्थाची चाओझोऊकडे म्हण आहे, कारण पूर्वी पाने पायांनी मळत असत. मुलांना ही माहिती फार आवडते, म्हणून पाहुणे येण्याआधीच सांगून टाकावी.

मग खरी फेरी. जुन्या चाओझोऊ पद्धतीत जग नसतो. तीन पेले एकमेकांना चिकटवून त्रिकोणात मांडतात आणि गायवान किंवा चहादाणी पेल्यांच्या अगदी जवळ धरून, धार न तोडता, तिन्ही पेल्यांवरून गोल गोल फिरवत ओततात. एक पेला भरून दुसऱ्याकडे जायचे नाही. प्रत्येकात थोडे थोडे पडत तिघांची पातळी एकत्र वर येते. या फिरण्याला तिथे 'ग्वान गोंगची नगरफेरी' म्हणतात. तळाशी उरलेला चहा सर्वांत कडक असतो, तो एकेक थेंब करून प्रत्येक पेल्यात पाडतात, त्याला 'हान शिनची सैन्यगणती' असे नाव आहे. ग्वान गोंग म्हणजे ग्वान यू आणि हान शिन हे दोघेही हान काळाच्या इतिहासातले सेनापती. मुलांना या नावांमुळे ओतण्याचा क्रम चटकन लक्षात राहतो. जगातून ओतणाऱ्या मुलानेही शेवटचे थेंब असेच वाटावेत. कोणाला चांगले, कोणाला उरलेसुरले असे होऊ नये, ही समज त्या थेंबांतच येते.

ओतताना चहादाणीची चोच किंवा जगाचे तोंड कोणाकडेही रोखलेले नसावे, आणि भांडे खाली ठेवतानाही ते मोकळ्या बाजूकडे वळवावे. पाहुण्याकडे रोखलेली चोच 'आता निघा' असे सुचवते, असा समज आहे. उजव्या हाताने पाणी ओतताना हात घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावा, तसे केल्याने 'या, या' असा भाव दिसतो आणि सुलट फिरवल्यास 'जा, जा' असा, असेही चहाच्या वर्गांत शिकवतात. घराघरांत हा दुसरा नियम कोणी फारसा पाहत नाही, तेव्हा मुलाच्या मागे त्यासाठी लागू नये. चोचीचा नियम मात्र पाळावा.

चाओझोऊकडे माणसे कितीही असोत, पेले बहुधा तीनच असतात. पाच माणसे बसली असतील, तर पहिले तीन पेले वडीलधाऱ्यांना आणि पाहुण्यांना जातात, बाकीचे दोघे थांबतात. मग पेले उकळत्या पाण्यात एकात एक फिरवून विसळतात आणि पुढच्या फेरीत राहिलेल्यांना मिळतात. 'आधी तुम्ही घ्या' असा आग्रह दोन्हीकडून होतो आणि त्यात बैठक रंगते. चहा करणारा सर्वांत शेवटी पितो. मुलांना वाट पाहायला शिकवण्याचा याहून सोपा मार्ग माझ्या पाहण्यात नाही: आपली पाळी कधी येणार हे मुलाला समोर दिसत असते, ती दोन-तीन मिनिटांत येते, आणि मोठी माणसेही आपल्यासारखीच थांबलेली आहेत हे त्याला कळते. चहा करणाऱ्याच्या जागी मूल असेल, तर त्याचा पेला शेवटचा, हा नियम त्यालाही लागू करावा. लहान म्हणून सूट देऊ नये.

पेला देणे आणि घेणे

पेला बशीवर ठेवून, बशी दोन्ही हातांनी धरून द्यावा. बोटे पेल्याच्या काठाला लागू नयेत, कारण तिथे पाहुण्याचे ओठ लागणार असतात. प्रथम सर्वांत वयस्कर व्यक्तीला, मग इतर पाहुण्यांना, मग घरच्यांना असा क्रम ठेवावा. पाहुणे कोणी अधिकारी असले आणि घरात आजोबाही असले, तर क्रमाचा पेच पडतो. अशा वेळी आधी पाहुणे आणि लगेच आजोबा असे केल्यास दोघांचाही मान राहतो. पेला ठेवल्यावर उजवा तळवा किंचित वर वळवून पेल्याकडे दाखवावा आणि 'छिंग ह चा', म्हणजे 'चहा घ्या', असे म्हणावे. कँटोनीज बोलणाऱ्या घरात आभारासाठी 'म्-गोय' म्हणतात. उच्चार चुकला तरी चिनी माणूस मुलाचे कौतुकच करतो.

घेणाऱ्याने पेला असा धरावा: अंगठा आणि तर्जनी काठाच्या दोन बाजूंना आणि मधले बोट तळाला आधार देणारे. उरलेली दोन बोटे आत वळवून घ्यावीत, करंगळी कोणाच्या दिशेने ताठ ठेवू नये. चहा एका घोटात संपवू नये. आधी वास घ्यावा, मग दोन-तीन घोटांत प्यावा. तोंडात हवा ओढत हलकासा आवाज करून पिणे तिथे वाईट समजत नाहीत, उलट त्याने सुगंध नीट कळतो. ही एक सूट मुलांना ताबडतोब पाठ होते आणि ती इतर ठिकाणी लागू नाही हे वेगळे सांगावे लागते. पेला ट्रेवर आपटणे, पेल्यांचा खणखणाट करणे आणि चहा पिताना कपाळाला आठ्या घालणे या मात्र यजमानाला दुखावणाऱ्या गोष्टी आहेत. चव आवडली नाही तर पेला तसाच ठेवावा, काही बोलू नये.

पाहुण्याचा पेला रिकामा राहू नये, याकडे चहा देणाऱ्याने लक्ष ठेवायचे असते. पाहुण्याला आणखी नको असेल, तर तो पेला भरलेलाच ठेवतो. ते ओळखून आग्रह थांबवावा. आपल्या 'घ्या हो, थोडा तरी'च्या सवयीला इथे आवर घालावा लागतो. पेल्यातला चहा निवला असेल, तर त्यावर गरम चहा न ओतता आधीचा ओतून टाकावा आणि नवा द्यावा. मध्येच नवा पाहुणा आला, तर जुनी पाने काढून नवी घालावीत. रंग गेलेला चहा पुढे करणे म्हणजे 'तुम्ही आलात याचे आम्हाला काही नाही' असे म्हणण्यासारखे होते. ही सगळी कामे मुलाला नेमून द्यावीत: 'आज पेल्यांवर तुझे लक्ष' असे सांगितले, की ते मूल तासभर पाहुण्यांच्या हातांकडे पाहत बसते, आणि दुसऱ्याला काय हवे आहे ते न विचारता ओळखण्याची सवय लागते ती अशीच.

बोटांनी मानलेले आभार

आपल्या पेल्यात कोणी चहा ओतला, की तर्जनी आणि मधले बोट किंचित वाकवून टेबलावर दोन-तीनदा हलकेच ठोकावे. दक्षिण चीनमध्ये, विशेषतः ग्वांगदोंग आणि हाँगकाँगकडे, ही आभाराची खूण सर्वत्र दिसते. बोलणे चालू असताना ते न तोडता आभार मानता येतात, हा तिचा मोठा फायदा.

तिची दंतकथा मुलांना जरूर सांगावी. छिंग घराण्यातल्या चियानलोंग सम्राटाने १७५१ ते १७८४ या काळात दक्षिणेचे सहा दौरे केले, हा इतिहास आहे. त्यांपैकी एका दौऱ्यात तो वेष पालटून चहाघरात बसला आणि त्याने स्वतःच्या हाताने सेवकाच्या पेल्यात चहा ओतला, ही झाली दंतकथा. सेवकाने सम्राटापुढे गुडघे टेकून जमिनीला कपाळ लावायला हवे होते, पण तसे केले असते तर सम्राटाचे सोंग उघडे पडले असते. म्हणून त्याने दोन बोटे वाकवली आणि टेबलावर ठोकली. वाकलेली बोटे म्हणजे टेकलेले गुडघे. गोष्ट खरी असो वा नसो, ती सांगितल्यावर खूण विसरणारे मूल विरळा.

कोणासाठी किती बोटे यालाही नियम आहेत. चहा वडीलधाऱ्यांनी ओतला तर पाचही बोटे मिटून मुठीने, बरोबरीच्याने ओतला तर दोन बोटांनी, आणि धाकट्याने ओतला तर एका बोटाने ठोकावे. लहान मुलांना दोन बोटे पुरेत. नियमांचा सगळा कोष पहिल्याच आठवड्यात डोक्यावर ओतला, की मुले बोटे मोजत बसतात आणि चहा ओतणाऱ्याकडे पाहायचे विसरतात.

आधी हाक, मग चहा

चिनी घरात मुलाने पाहुण्याला नात्याने हाक मारल्याशिवाय पुढचे काहीच सुरू होत नाही. दारात आई मुलाला हळूच ढोसते आणि 'हाक मार' म्हणते, आणि मूल 'शूशू' म्हणजे काका, 'आयी' म्हणजे मावशी, 'येये' म्हणजे आजोबा, असे म्हणते. मोठ्यांना नावाने हाक मारणे अगदी असभ्य समजतात. मराठी मुलांना हे परके वाटण्याचे कारण नाही; आत्या आणि मावशी यांना इंग्रजीत एकाच शब्दात गुंडाळतात, चिनी भाषेत मात्र मराठीसारखीच दोन वेगळी नाती आहेत. चहा देतानाही नुसते 'घ्या' न म्हणता आधी नाते उच्चारावे: 'आयी, छिंग ह चा.' आपल्या घरी सराव करताना 'मावशी, चहा घ्या' असे म्हणायला लावले तरी रीत पूर्ण होते.

मुलांकडून कसे करून घ्यावे

चीनमध्ये मुलांना सौजन्य शिकवताना खोंग रोंगचे उदाहरण आजही देतात. इ. स. १५३ मध्ये जन्मलेला हा पूर्व हान काळातला विद्वान. चार वर्षांचा असताना घरी पेअरची फळे आली, तेव्हा त्याने सर्वांत लहान फळ उचलले आणि मोठी फळे भावांना राहू दिली, अशी कथा आहे. कथा सुंदर आहे, पण चार वर्षांच्या आपल्या मुलाकडून तशीच अपेक्षा धरणे मला अन्यायाचे वाटते. मोठा घास दुसऱ्यासाठी सोडायला सांगण्यापेक्षा, वाटण्याचे काम मुलाच्या हातात देणे सोपे आणि टिकाऊ. वाटणाऱ्याला आपला वाटा शेवटी घेण्यात कमीपणा वाटत नाही, कारण तो त्या वेळी यजमान असतो.

म्हणून घरात भूमिका बदलत राहाव्यात. एका दिवशी मूल यजमान आणि आई-बाबा पाहुणे. दुसऱ्या दिवशी उलट. पाहुणे झालेल्या मोठ्यांनी सगळे नियम काटेकोर पाळावेत, दोन हातांनी पेला घ्यावा, बोटांनी आभार मानावेत, मोबाईल दूर ठेवावा. मूल पाहून शिकते, आणि आई-बाबा चहा पिताना फोनवर बोट फिरवत असतील तर ते तेही शिकते. एका बैठकीत एकच नवी गोष्ट घ्यावी. या आठवड्यात सात भाग, पुढच्या आठवड्यात दोन हात, त्यानंतर क्रम.

पाहुण्यांसमोर चूक झाली तर ती त्यांच्यासमोर सुधारू नये. चहा सांडला, तर फडके मुलाच्या हाताशीच असावे आणि त्याने स्वतः पुसावे. आई-वडिलांनी धावून जाऊ नये, हसू नये, क्षमायाचनेची लांबण लावू नये. पाहुणे गेल्यावर दोन वाक्यांत बोलावे. पाहुण्यांसमोर मुलाला रागावणे हा चिनी शिष्टाचारातच बसत नाही, कारण त्याने मुलाची, आपली आणि हे पाहणाऱ्या पाहुण्याची अशी तिघांचीही लाज जाते. 'आमचा मुलगा चिनी चहा करून दाखवतो' असा खेळ मांडणेही टाळावे. मूल लाजत असेल आणि नको म्हणत असेल, तर त्या दिवशी त्याने फक्त पेले मांडावेत.

सण आणि लग्न

घरच्या सरावाचा उपयोग दोन प्रसंगी विशेष होतो. दक्षिणेकडच्या अनेक चिनी कुटुंबांत नववर्षाच्या पहिल्या दिवशी धाकटी माणसे आजी-आजोबांना आणि आई-वडिलांना चहा देतात, शुभेच्छा देतात आणि लाल पाकिटातून पैसे मिळवतात. पाकीट दोन्ही हातांनी घ्यायचे असते आणि देणाऱ्यासमोर उघडायचे नसते. शेजाऱ्यांच्या घरी जाणाऱ्या मराठी मुलांना ही गोष्ट आधीच सांगून ठेवावी, कारण पाकीट हातात पडल्यावर फोडून पाहण्याची घाई सगळ्याच मुलांना असते.

दुसरा प्रसंग लग्नाचा. वधू-वर गुडघे टेकून वयाच्या आणि नात्याच्या क्रमाने एकेका वडीलधाऱ्याला चहा देतात, त्याला नात्याने हाक मारतात, आणि तो पेला घेतला की सून किंवा जावई घरात स्वीकारला गेला असे होते. सिंगापूर आणि मलेशियातल्या चिनी कुटुंबांत हा विधी आजही होतो. चहात लाल खजुरासारखी फळे किंवा कमळाचे बी घालतात. धाकटी भावंडे मग वधू-वरांना चहा देतात आणि लाल पाकीट त्यांच्याकडून घेतात. अशा लग्नाला मुलांना नेले, तर बाजूला शांत उभे राहावे आणि आपल्याला चहा दिला गेल्यास दोन हातांनी घ्यावा, इतके शिकवलेले पुरते.

निरोप आणि आवराआवर

छिंग काळात अधिकाऱ्याला भेट संपवायची असली, की तो समोरचा चहाचा पेला उचलत असे. ते पाहून सेवक 'पाहुण्यांना निरोप' असे मोठ्याने पुकारत असे आणि पाहुण्याला उठावेच लागे. आता कोणी असे करत नाही, पण पाहुणे बसलेले असताना पेले गोळा करणे, ट्रे पुसायला घेणे किंवा पाने टाकून देणे हा तसाच इशारा समजला जातो. मुलांना आवरण्याची घाई असते, कारण त्यांना खेळायला जायचे असते. म्हणून पाहुणे दारापर्यंत, आणि वयस्कर असतील तर लिफ्टपर्यंत, पोहोचवून आल्यावरच आवरायला घ्यायचे, हे आधी ठरवून सांगावे.

गायवान, जग आणि पेले चिनीमातीचे किंवा काचेचे असल्याने मुलांनी धुतले तरी चालतात. आत चहाचा डाग धरला असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा लावून चोळावे. यीशिंगच्या लाल मातीची चहादाणी घरात असेल, तर ती मात्र मोठ्यांनीच हाताळावी. तिला साबण लावू नये, कारण माती सच्छिद्र असते आणि साबणाचा वास पुढच्या चहात उतरतो. तिच्यातली पाने काढून ती नुसत्या गरम पाण्याने विसळावी आणि झाकण बाजूला काढून पूर्ण वाळू द्यावी. झाकण लावून ओलीच ठेवली तर आत बुरशी धरते. उरलेली पाने कुंडीतल्या मातीत घालायचे काम पुन्हा मुलाचे.